तारीख जाहीर झाली म्हणजे गेम तयार झाला?

६ नोव्हेंबर २०२५ रोजी रॉकस्टार गेम्सने 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'ची तारीख पुन्हा एकदा पुढे ढकलली. डिसेंबर २०२३च्या पहिल्या ट्रेलरमध्ये २०२५ सालचा वायदा होता. मे २०२५मध्ये तो २६ मे २०२६वर गेला, आणि नंतर १९ नोव्हेंबर २०२६वर. असं काही झालं की खेळणाऱ्यांच्या गप्पांत ठरलेले तर्क निघतात. गेम तयारच आहे, कंपनी मुद्दाम ताणते आहे. नाताळचा गल्ला साधायचा आहे. निर्माते आळशी झाले आहेत.

या तर्कांत एक साधी गोष्ट सुटते. ६ नोव्हेंबरची घोषणा झाली त्याच दिवशी रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू आपले तिमाही निकाल जाहीर करत होती. हा योगायोग नव्हता. गेमची तारीख तीन वेगळ्या वेळापत्रकांवर अवलंबून असते: स्टुडिओत काम किती झालं आहे, कंपनीचं हिशेबाचं वर्ष कधी संपतं, आणि त्या आठवड्यात बाजारात आणखी कोण उतरतं आहे. पहिल्याबद्दल आपण सतत बोलतो. पण तारीख पुष्कळदा उरलेल्या दोघांच्या ओढाताणीत ठरते, आणि तिची किंमत स्टुडिओत रात्री जागवणारी माणसं आणि आगाऊ पैसे भरणारे ग्राहक मोजतात. म्हणून या विषयातले गैरसमज दूर होणं मला गरजेचं वाटतं.

गैरसमज : तारीख सांगितली, म्हणजे गेम जवळपास तयार आहे

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओच्या 'सायबरपंक २०७७'ची हकिकत या बाबतीत मुळापासून पाहण्यासारखी आहे. हा गेम मे २०१२मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०१३मध्ये त्याची पहिली झलक आली. तेव्हा स्टुडिओचं बहुतेक बळ 'द विचर ३'मध्ये गुंतलं होतं, आणि तो गेमही पुढे मे २०१५मध्ये आला. मग इतक्या आधी झलक दाखवायची कशासाठी? चांगल्या कलाकारांना आणि प्रोग्रामरना स्टुडिओकडे ओढणं हा तिचा एक उघड हेतू होता. घोषणा नेहमी ग्राहकासाठीच असते असं नाही. कधी ती नोकरी शोधणाऱ्यासाठी असते, तर कधी पैसे गुंतवणाऱ्यासाठी.

जून २०१९मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात अभिनेता किआनू रीव्हज मंचावर आला आणि १६ एप्रिल २०२० ही तारीख जाहीर झाली. ती १७ सप्टेंबरवर गेली, तिथून १९ नोव्हेंबरवर. ५ ऑक्टोबर २०२० रोजी स्टुडिओने गेम 'गोल्ड' झाल्याचं सांगितलं. कारखान्यात डिस्क छापायला द्यायची मूळ प्रत पक्की झाली, असा या शब्दाचा जुना अर्थ. आता तारीख हलणार नाही, असं सगळ्यांनी धरलं. २६ ऑक्टोबरला गेमच्या अधिकृत ट्विटर खात्यानेही एका चाहत्याला तशी खात्री दिली. दुसऱ्याच दिवशी गेम आणखी २१ दिवस पुढे गेला. वेगवेगळ्या यंत्रांसाठी गेमच्या नऊ आवृत्त्या घरून काम करत एकाच वेळी तपासाव्या लागत आहेत, असं कारण स्टुडिओने दिलं.

गोल्ड झालेला गेम पुढे कसा जाऊ शकतो? इंटरनेटमुळे त्या शब्दाचा अर्थ आता पातळ झाला आहे. डिस्क छापायला जाते तेव्हाही काम चालूच असतं, आणि राहिलेल्या दुरुस्त्या पहिल्या दिवशीच्या पॅचमधून घरोघरी पोचवायच्या असं ठरलेलं असतं. तो पॅच किती मोठा असावा लागेल हा अंदाज चुकला की तारीख कोसळते. अखेर १० डिसेंबरला 'सायबरपंक' आला. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि लोकांना पैसे परत दिले. तो परत आला थेट जून २०२१मध्ये.

तारीख काम संपण्याआधी जाहीर करावीच लागते, कारण तिच्या मागे बाकीची साखळी अडकलेली असते. जाहिरातींच्या जागा, ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावरची जागा, डिस्क छापणारे कारखाने, वेगवेगळ्या भाषांमधले अनुवाद, अमेरिकेत ईएसआरबी आणि युरोपात पेगी यांच्याकडून मिळणारं वयोगटाचं मानांकन, शिवाय सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो यांची स्वतंत्र तांत्रिक तपासणी. हे सगळं महिनोन् महिने आधी पक्कं करावं लागतं. तारीख जाहीर करणारा स्टुडिओ 'काम झालं' असं सांगत नसतो, 'एवढ्या दिवसांत होईल' असा वायदा करत असतो.

म्हणून घोषणेतले शब्द नीट वाचावेत. नुसतं नाव आणि बोधचिन्ह दाखवलं असेल तर त्यावरून काळाचा काहीच अंदाज बांधू नये. 'द एल्डर स्क्रोल्स ६' जून २०१८मध्ये असाच जाहीर झाला. 'मेट्रॉइड प्राइम ४' जून २०१७मध्ये जाहीर झाला, जानेवारी २०१९मध्ये निन्टेंडोने काम नव्याने सुरू करत असल्याचं मोकळेपणाने सांगितलं, आणि गेम हातात आला ४ डिसेंबर २०२५ला. याउलट 'फॉलआउट ४' जून २०१५मध्ये जाहीर होऊन त्याच वर्षी १० नोव्हेंबरला आलासुद्धा. नुसतं साल दिलं असेल तर तो अंदाज असतो, ऋतू दिला असेल तर थोडा पक्का अंदाज. अमेरिकी कंपनीचा 'फॉल' म्हणजे आपल्याकडे साधारण गणपतीपासून डिसेंबरपर्यंतचा काळ. नेमका दिवस दिला, तरच त्याला वायदा म्हणावं.

गैरसमज : नाताळचा हंगाम म्हणजे हमखास यश

हंगामाचं महत्त्व खोटं नाही. दिवाळी अंक दिवाळी उलटल्यावर आला तर स्टॉलवर त्याला कोण विचारणार? अमेरिका-युरोपात गेमच्या धंद्याचं बराच काळ तसंच होतं. पण हंगाम गाठण्याच्या हट्टाने काय होतं तेही याच धंद्याने फार लवकर पाहिलं. १९८२मध्ये अटारीने 'ई. टी.' सिनेमावरच्या गेमचे हक्क जुलैच्या अखेरीस मिळवले. तो नाताळात दुकानात हवा, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो करायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. न खपलेली गेमची कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरली गेली, आणि २०१४मध्ये ती उकरून काढली तेव्हा जुन्या अफवेवर शिक्कामोर्तब झालं.

माझ्या मते याहून बोलकं उदाहरण 'टायटनफॉल २'चं आहे, कारण तो गेम वाईट नव्हता. समीक्षकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं होतं. तो आला २८ ऑक्टोबर २०१६ला. बरोबर आठवडाभर आधी, २१ ऑक्टोबरला, 'बॅटलफील्ड १' आला होता. आठवडाभराने, ४ नोव्हेंबरला, 'कॉल ऑफ ड्यूटी : इन्फिनिट वॉरफेअर' येणार होता. तिन्ही बंदुकीचे गेम, तिन्ही त्याच खरेदीदाराच्या खिशाकडे बघणारे. त्यातले दोन, 'बॅटलफील्ड' आणि 'टायटनफॉल', एकाच प्रकाशकाचे, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे. 'टायटनफॉल २'ची विक्री अपेक्षेपेक्षा खूप कमी झाली. एका चांगल्या गेमचा बळी त्याच्याच घरच्या वेळापत्रकाने घेतला, असं मी म्हणेन.

मोठ्या यशांच्या तारखा पाहिल्या तर हंगामाचा आग्रह आणखी सैल पडतो. 'जीटीए ५' १७ सप्टेंबर २०१३ला आला आणि तीन दिवसांत त्याने १०० कोटी डॉलरचा पल्ला गाठला. 'एल्डन रिंग' २५ फेब्रुवारी २०२२चा. 'झेल्डा : टिअर्स ऑफ द किंगडम' १२ मे २०२३चा. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने तर 'बाल्डर्स गेट ३' पीसीवर चार आठवडे आधीच आणला. ३१ ऑगस्ट २०२३ ही ठरलेली तारीख सोडून त्यांनी ३ ऑगस्ट धरली, कारण ६ सप्टेंबरला 'स्टारफील्ड' येणार होता. तारखा फक्त पुढेच जातात, हाही एक गैरसमजच.

मोठा गेम अचानक आपल्या आठवड्यात येऊन बसला तर छोट्या स्टुडिओंचं काय होतं हे २०२५च्या ऑगस्टमध्ये दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरी या मूठभर माणसांच्या स्टुडिओने 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' फेब्रुवारी २०१९मध्ये जाहीर केला होता. साडेसहा वर्षं लोक वाट पाहत होते. २१ ऑगस्टला स्टुडिओने सांगितलं: ४ सप्टेंबरला येतोय. मध्ये फक्त दोन आठवडे! त्या आठवड्यात येणाऱ्या अनेक छोट्या गेमच्या निर्मात्यांनी आपल्या तारखा भराभर हलवल्या. ४ सप्टेंबरला स्टीमसह अनेक ऑनलाइन दुकानं गर्दीने कोलमडली. एकट्या स्टीमवर २०२४ सालात १८ हजारांहून अधिक गेम आले, त्यामुळे रिकामा आठवडा आता उरलेलाच नाही. छोट्या निर्मात्याला फक्त कमी गर्दीचा आठवडा शोधता येतो, आणि तोही कोणी न सांगता हिसकावून घेऊ शकतं.

तरी यातून पक्का नियम निघत नाही. २२ एप्रिल २०२५ला बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन'ची नवी आवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी विक्रीला आणली. दोन दिवसांनी फ्रान्सच्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३' येणार होता, आणि तोही तसाच मोठा रोल-प्लेइंग गेम. त्याने तारीख हलवली नाही. तीन दिवसांत त्याच्या १० लाख प्रती खपल्या आणि डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्सचा वर्षाचा सर्वोत्तम गेम तोच ठरला.

गैरसमज : गेम पुढे ढकलणं ही उत्सुकता वाढवायची युक्ती

इथे आपल्याला ओळखीचं मार्चअखेर मदतीला येतं. टेक-टू, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, युबिसॉफ्ट, सोनी, निन्टेंडो या सगळ्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. वर्षाच्या सुरुवातीला कंपनी गुंतवणूकदारांना उत्पन्नाचा अंदाज देते, आणि मोठा गेम त्या अंदाजाच्या आत बसतो की बाहेर, यावर शेअरचा भाव हलतो. युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' नोव्हेंबर २०२४वरून १४ फेब्रुवारी २०२५वर गेला, तिथून २० मार्चवर. वर्ष संपायला तेव्हा अकरा दिवस उरले होते. कामाला मिळेल तेवढा वेळ द्यायचा, पण हिशेब याच वर्षात धरायचा, हे त्या तारखेवरून सरळ वाचता येतं.

आता 'जीटीए ६'कडे पाहू. पहिल्या बदलाने गेम २०२५च्या 'फॉल'ऐवजी मे २०२६वर गेला, म्हणजे एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात. दुसरा बदल मे २०२६ ते नोव्हेंबर २०२६ असा. एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ या एकाच वर्षाच्या आत. चाहत्यांना दोन्ही सारखेच जड गेले, हिशेबाच्या वहीत मात्र दोन्हींचं वजन वेगळं. आणि बातमी निकालांच्या दिवशीच का? शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला भाव हलवणारी माहिती निवडक लोकांना आधी सांगता येत नाही. ती सगळ्यांना एकदम सांगावी लागते, आणि पुढच्या वर्षाचे अंदाज मांडताना असा मोठा बदल लपवता येत नाही.

तारीख बदलल्यावर कंपनीला फुकटचा फायदा होतो असं मात्र नाही. शेकडो माणसांचे आणखी काही महिन्यांचे पगार, फुकट गेलेल्या जाहिराती, घसरलेला शेअर. टेक-टूचा शेअर नोव्हेंबर २०२५मध्ये घसरलाच. जून २०१९मध्ये निन्टेंडोने 'अॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' पुढच्या वर्षावर ढकलला, तेव्हा त्यांचाही घसरला होता. कर्मचाऱ्यांवर ताण येऊ नये म्हणून हे केलं, असं निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेचे तेव्हाचे प्रमुख डग बाउझर यांनी सांगितलं होतं. गेम आला २० मार्च २०२०ला, जग घरात कोंडलं जात असतानाच. शांतपणे बेट सजवण्याच्या या गेमच्या सहा आठवड्यांत १ कोटी ३४ लाख प्रती गेल्या. ती वेळ कोणी आखली नव्हती.

दुसऱ्या टोकाची समजूत अशी की तारीख पुढे गेली म्हणजे काम करणाऱ्यांना उसंत मिळाली. बऱ्याचदा उलट घडतं. सक्तीचं जादा काम देणार नाही असं सीडी प्रोजेक्टने २०१९मध्ये म्हटलं होतं. सप्टेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक'साठी त्यांनीच सहा दिवसांचा आठवडा लागू केला. तारीख लांबली की तो ताणही लांबतो.

गैरसमज : जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' कामाच्या दिवशी आणायला कायद्याने बंदी आहे

ही गोष्ट इतकी सांगितली गेली आहे की ती खरीच वाटते. तिचं मूळ खरं आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' १० फेब्रुवारी १९८८ला, बुधवारी, आला. शाळा बुडवून दुकानांसमोर रांगेत उभी राहिलेली शेकडो मुलं पोलिसांनी पकडली. त्यानंतरचा चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० या रविवारी आला, पाचवा २७ सप्टेंबर १९९२च्या रविवारी, सहावा, सातवा आणि आठवा शनिवारी. यावरून कायद्याची दंतकथा जन्मली. कायदा कधीच झाला नाही. एनिक्स या प्रकाशकाने टीका टाळण्यासाठी स्वतःहून सुट्टीचा दिवस धरला, एवढंच. दहावा भाग २ ऑगस्ट २०१२ला, गुरुवारी आला, आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्या तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती १४ नोव्हेंबर २०२४ला, तीही गुरुवारी.

अमेरिकेतल्या मंगळवारामागेही कायदा किंवा शुभदिन नाही. एकेकाळी तिथे गेमला पक्की तारीखच नसायची. खोकी ज्या दुकानात ज्या दिवशी पोचतील त्या दिवशी विक्री. सेगाने 'सोनिक द हेजहॉग २' २४ नोव्हेंबर १९९२ या मंगळवारी सगळीकडे एकदम आणला आणि त्या दिवसाचीच जाहिरात केली. सप्टेंबर १९९३मध्ये 'मॉर्टल काँबॅट'ने सोमवार धरून तेच केलं. तारीख ही स्वतःच एक जाहिरात होऊ शकते, हे तिथून रुजलं. आता डिजिटल विक्रीत एकच क्षण साऱ्या जगाला मिळतो. 'सिल्कसाँग' अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सातला खुला झाला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला.

गैरसमज : अचानक आणलेला गेम म्हणजे तयारीशिवाय आणलेला गेम

११ मे १९९५ला, पहिल्याच ई-थ्रीमध्ये, सेगाने सांगितलं की २ सप्टेंबरला येणारं सॅटर्न हे यंत्र आजच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. काही वेळातच सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर गेले, प्लेस्टेशनची किंमत म्हणून 'दोनशे नव्याण्णव' एवढंच बोलले आणि खाली उतरले. सेगाने हे गुपित चारच दुकान-साखळ्यांना सांगितलं होतं. बाकीचे भडकले, केबी टॉइजने तर सेगाचा मालच ठेवायला नकार दिला. यंत्र होतं, पण त्यावर खेळायला पुरेसे गेम अजून झालेले नव्हते.

४ फेब्रुवारी २०१९ला 'एपेक्स लेजंड्स' असाच न सांगता आला आणि आठवड्यात अडीच कोटी खेळाडूंनी तो खेळला. फरक कुठे होता? तो फुकट होता, डिस्क नव्हती, रुसणारा दुकानदार नव्हता, आणि नावाजलेल्या स्ट्रीमरना आधीच बोलावून तो खेळायला दिलेला होता. धक्का फक्त प्रेक्षकांसाठी होता, आतल्यांसाठी सगळं आखलेलं होतं.

याचं एक उदाहरण पुण्याचं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' १८ ऑगस्ट २०२०ला निन्टेंडोच्या छोट्या गेमच्या कार्यक्रमात दाखवला गेला आणि त्याच दिवशी स्विचवर विकतही मिळू लागला. बाकीच्या यंत्रांवर तो १५ ऑक्टोबरला आला. जाहिरातीवर उधळायला पैसे नसलेल्या स्टुडिओला जगाची नजर वळलेली असतानाच दुकानाचं दार उघडं ठेवता आलं. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं.

गैरसमज : उशीर झालेला गेम शेवटी चांगलाच होतो

उशिरा आलेला गेम कधी तरी चांगला होतो, पण घाईत आलेला वाईट गेम कायमचा वाईट राहतो, या आशयाचं वाक्य निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतो यांच्या नावावर जगभर फिरतं. शोध घेणाऱ्यांना ते त्यांनी कुठे म्हटल्याचा पुरावा सापडलेला नाही. त्याचे दोन्ही भाग तपासले तरी टिकत नाहीत. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' १९९७मध्ये जाहीर झाला, २०११मध्ये आला, आणि चौदा वर्षांनीही समीक्षकांनी त्याला नाकारलं. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६मध्ये अर्धवट वाटला होता, पण वर्षानुवर्षांच्या मोफत सुधारणांनी त्याने लोकांचं मन परत जिंकलं. 'सायबरपंक'लाही २०२३पर्यंत तेच जमलं.

'नो मॅन्स स्काय'ची तारीख काही आठवडे पुढे गेली तेव्हा त्याचे निर्माते शॉन मरे यांना जीवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. 'सायबरपंक'च्या माणसांनाही आल्या. तारीख ठरवण्यात ज्यांचा हात सर्वांत कमी असतो त्यांच्यावरच हा राग निघतो. तो थांबला पाहिजे.

राग काढायची योग्य जागा आपलं पाकीट आहे. परीक्षणं कधी छापायची याचीही तारीख कंपनीच ठरवते. 'सायबरपंक'च्या वेळी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली आणि रिलीजपर्यंत स्वतः खेळतानाची दृश्यं दाखवायची मनाई होती, म्हणून जुन्या यंत्रांवरची दुर्दशा खरेदीआधी कोणाला दिसली नाही. तेव्हा ट्रेलर पाहून प्री-ऑर्डर करू नका. केली असेल तर स्टीमवर ती रिलीजपर्यंत कधीही रद्द करता येते, आणि विकत घेतल्यावर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर, पैसे परत मागता येतात. आपल्या यंत्रावरचं परीक्षण येईपर्यंत थांबा.